व्हर्जिनियाच्या जाहीरनाम्यातील चोरदरवाजा

२०२६ म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्याच्या अडीचशे वर्षांचे साल. अशा वेळी वॉशिंग्टन, जेफरसन, मेसन, पॅट्रिक हेन्री या नावांचा गजर होतो आणि आपल्याकडचे विद्वानही टाळ घेऊन त्यात सामील होतात. करणाऱ्यांनी खुशाल गजर करावा. परंतु ज्या समाजाला हजारो वर्षे धर्माच्या आणि कायद्याच्या नावाखाली माणूसपण नाकारले गेले, त्या समाजाने इतिहास टाळांच्या आवाजात ऐकू नये. मूळ कागद हातात घेऊन तो वाचावा. आणि कागद वाचताना ठळक अक्षरातले कलम वाचून थांबू नये, त्याच्या शेपटाला लावलेले परंतुकही वाचावे. कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही विचारा. हक्क कलमात दिलेला असतो आणि तो काढून घेण्याची सोय परंतुकात केलेली असते.

याचे अत्यंत बोलके उदाहरण म्हणजे व्हर्जिनिया. अमेरिकेतली ही इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत. अमेरिकेच्या पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांपैकी चार याच राज्याचे. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा जेफरसन इथला, क्रांतियुद्धाचा सरसेनापती वॉशिंग्टन इथला, आणि सर्व माणसे स्वभावतःच मुक्त आहेत असे सरकारी ठरावात सर्वप्रथम लिहिणारा जॉर्ज मेसनही इथलाच. आणि १७९० साली अमेरिकेची पहिली जनगणना झाली तेव्हा ७,४७,६१० लोकसंख्येच्या याच राज्यात २,९२,६२७ माणसे गुलाम होती. शंभरातली एकोणचाळीस! गुलामांची एवढी मोठी संख्या देशातल्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात नव्हती. स्वातंत्र्याची गंगोत्री आणि गुलामगिरीचे कोठार एकाच ठिकाणी कसे नांदले? मळेवाल्यांना ही विसंगती दिसत नव्हती काय? दिसत होती. म्हणूनच त्यांनी तिची कायदेशीर तजवीज केली. ती कशी केली, हे आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

१६०७ साली लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीने जेम्सटाऊन वसवले. ती भूमी ओसाड नव्हती. तिथे पॉव्हॅटन राजाच्या छत्राखालचे मूलनिवासी शेती करून राहत होते. पहिल्या काही हिवाळ्यांत उपासमारीने मरू घातलेले गोरे याच लोकांच्या मक्यावर जगले आणि पुढे तंबाखूचे पीक हाती लागताच त्यांच्याच जमिनी गिळू लागले. तंबाखूला जमीन लागते आणि मजूरही लागतात. जमीन मूलनिवाशांकडून हिसकावली. मजूर म्हणून इंग्लंडमधले कंगाल लोक करारावर आणले. जहाजाच्या भाड्यापोटी चार, पाच, सात वर्षे मालकाकडे राबायचे, मग सुटायचे, असा तो करार होता.

१६१९ या एकाच वर्षी तिथे दोन घटना घडल्या. ३० जुलैला जेम्सटाऊनच्या चर्चमध्ये निवडून आलेल्या प्रतिनिधींची सभा भरली. अमेरिकेतल्या लोकशाहीची ही पहिली पायरी म्हणून तिचे गोडवे गायले जातात. त्यानंतर महिनाभरात, ऑगस्टच्या अखेरीस, पॉइंट कम्फर्ट या बंदरात 'व्हाइट लायन' नावाचे जहाज लागले. पोर्तुगीजांच्या गुलामजहाजावरून लुटून आणलेली अंगोलाची वीसएक माणसे त्यावर होती. अन्नधान्याच्या बदल्यात ती विकली गेली. विधिमंडळ आणि गुलाम, दोन्ही एकाच उन्हाळ्यात आले आणि पुढची अडीचशे वर्षे त्या विधिमंडळाने गुलामगिरीला कायद्याच्या भिंती बांधून दिल्या.

इथे एक मुद्दा नीट समजून घ्यावा. सुरुवातीला व्हर्जिनियात गुलामगिरीचा कायदाच नव्हता. आलेल्या आफ्रिकनांपैकी काहींनी मुदत भरून सुटका मिळवली. अँथनी जॉन्सन नावाचा आफ्रिकन तर १६५१ पर्यंत अडीचशे एकरांचा मालक झाला होता. म्हणजे काळा माणूस जन्मतः गुलाम, हा काही निसर्गाचा नियम नव्हता. तो पुढे कलमाकलमाने तयार करण्यात आला. १६४० साली तीन मजूर मालकाकडून पळाले आणि पकडले गेले. त्यातला एक डच, एक स्कॉटिश आणि तिसरा जॉन पंच नावाचा काळा. गुन्हा एकच, दिवसही एकच. दोघा गोऱ्यांना चार-चार वर्षांची वाढीव चाकरी मिळाली आणि जॉन पंचला जन्मभराची. एका गुन्ह्याला वर्णानुसार वेगळी शिक्षा! मनुस्मृती वाचलेल्या माणसाला हे न्यायशास्त्र अगदी ओळखीचे वाटेल.

आता एलिझाबेथ की या स्त्रीची कहाणी पाहा. तिचा बाप थॉमस की हा इंग्रज, विधिमंडळाचा सभासद. आई आफ्रिकन गुलाम. बापाने मरण्यापूर्वी तिला नऊ वर्षांच्या मुदतीवर एकाकडे ठेवले होते. मुदत उलटून गेली, मालक बदलला, पण तिची सुटका झाली नाही. १६५५ साली दुसरा मालक मेला तेव्हा त्याच्या मालमत्तेच्या यादीत तिला आणि तिच्या तान्ह्या मुलाला 'निग्रो' म्हणून घालण्यात आले. एलिझाबेथने दावा लावला. तिचे म्हणणे तीन मुद्द्यांचे होते. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे मुलाचा दर्जा बापावरून ठरतो आणि माझा बाप स्वतंत्र होता. मी बाप्तिस्मा घेतलेली ख्रिस्ती आहे. माझी मुदत केव्हाच संपली आहे. खालच्या कोर्टात ती जिंकली, वरच्या कोर्टात हरली, पुन्हा विधिमंडळाकडे गेली आणि अखेर १६५६ साली स्वतंत्र झाली. तिचा वकील विल्यम ग्रीनस्टेड हाही करारावर राबणारा इंग्रज मजूरच होता. पुढे दोघांनी लग्न केले.

एका काळ्या आईच्या मुलीने कायद्याचा आधार घेऊन मळेवाल्यांना हरवले. मग मळेवाल्यांनी काय केले? त्यांनी कायदाच बदलला. १६६२ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने ठरवले की, मूल गुलाम की स्वतंत्र हे आईच्या स्थितीवरून ठरेल. एलिझाबेथचा पहिला मुद्दा संपला. शिवाय मालकाने गुलाम स्त्रीवर बलात्कार केला तरी होणारे मूल त्याच्याच मालमत्तेत जमा होणार, अशी किफायतशीर सोय झाली. १६६७ साली दुसरा कायदा आला. बाप्तिस्मा घेतल्याने गुलामाच्या स्थितीत काहीही फरक पडणार नाही. तिचा दुसरा मुद्दाही संपला. आणि १६६९ साली तिसरा. शिक्षा करताना गुलाम मेला तर मालकावर खुनाचा गुन्हा नाही, कारण स्वतःचीच मालमत्ता कोणी मुद्दाम नष्ट करील असे मानता येत नाही! सात वर्षांत तीन कायदे झाले. जन्म कायद्याने बांधला, धर्म कायद्याने निष्प्रभ केला आणि जीवही कायद्याने स्वस्त केला.

१६६७ चा हा कायदा वाचताना बौद्ध वाचकाच्या मनात कोणती गोष्ट येईल, हे सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. लाखो लोक एका दिवसात बौद्ध झाले. पण १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात धर्माची अट घातलेली होती. बौद्ध झालात तर केंद्राच्या सवलती गेल्या. ही अट बौद्धांसाठी काढायला १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! व्हर्जिनियात कायदा सांगत होता की धर्म बदलला तरी तू गुलामच. आपल्याकडे गावगाडा सांगत होता की धर्म बदललास तरी तू तोच, आणि सरकारी आदेश सांगत होता की धर्म बदललास म्हणून तू तो नाहीस. दोन्हीकडून भरडला गेला तो बौद्ध माणूस. मार्ग उलटसुलट असतील, पण धर्मांतराच्या स्वातंत्र्याची किंमत वसूल करायची ही व्यवस्थेची नियत दोन्हीकडे सारखीच.

१६७६ साली नॅथॅनियल बेकन नावाच्या मळेवाल्याने गव्हर्नर बर्कलेविरुद्ध बंड केले. बेकन काही गरिबांचा कैवारी नव्हता. गव्हर्नर मूलनिवाशांचा सरसकट संहार करू देत नाही, ही त्याची तक्रार होती आणि त्याच्या टोळ्यांनी निरपराध मूलनिवाशांच्या कत्तली केल्या. परंतु त्याच्या फौजेत गोरे मजूर आणि काळे गुलाम खांद्याला खांदा लावून उभे राहिले. सप्टेंबरमध्ये त्यांनी राजधानी जेम्सटाऊन जाळली. ऑक्टोबरमध्ये बेकन हगवणीने मेला आणि बंड विझले. शेवटपर्यंत शस्त्र खाली न ठेवणाऱ्या तुकडीत ऐंशी काळे आणि वीस गोरे मजूर होते. मळेवाल्यांच्या छातीत धडकी भरली ती या शंभर माणसांमुळे. पोट भुकेले असले की कातडीचा रंग विसरला जातो, हे त्यांनी पाहिले.

त्यानंतरचे कायदे याच धास्तीतून आले. १६८० साली काळ्यांना शस्त्रबंदी झाली आणि परवानापत्राशिवाय मळ्याबाहेर पडायला बंदी झाली. १७०५ साली सगळे कायदे एकत्र करून गुलामांची संहिता तयार झाली. तिच्यात गुलामाला स्थावर मालमत्तेच्या सदरात टाकले. काळ्याने कोणाही गोऱ्या ख्रिस्ती माणसावर हात उगारला तर उघड्या पाठीवर तीस फटके. काळ्याची साक्ष कोर्टात ग्राह्य नाही. आणि त्याच वेळी गोऱ्या मजुराला काय दिले? मुदत संपताना मका, रोख पैसे आणि एक बंदूक. दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय त्याला उघडे करून फटके मारता येणार नाहीत, हे संरक्षण. गुलामांनी पोटाला चिमटा घेऊन पाळलेली गुरे, घोडी, डुकरे जप्त करून विकायची आणि तो पैसा गोऱ्या गरिबांच्या मदतीला द्यायचा, असेही कलम त्यात होते.

बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध असमानता म्हटले, तिची ही विलायती आवृत्ती आहे. वरच्याने आपली तिजोरी उघडली नाही. सर्वांत खालच्याचे ताट ओढून त्याच्या वरच्याला दिले आणि वर त्याला सांगितले की बघ, तू कंगाल असशील, पण तू त्याच्यापेक्षा वरचा आहेस. आपल्याकडे गावात दोन एकर कोरडवाहूचा धनी असलेला माणूस सावकाराच्या दारात तोंड उघडत नाही आणि बौद्धवाड्यावर मात्र दगड घेऊन येतो. त्याच्या हातातला दगड कोणी ठेवला, याचे उत्तर १७०५ च्या संहितेत सापडते.

या सगळ्या इमारतीला कुंपण घालणारा कायदा १६९१ चा. गोऱ्या माणसाने काळ्याशी किंवा मूलनिवाशाशी लग्न केले तर तीन महिन्यांच्या आत त्याला कायमचे हद्दपार करायचे. ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना बाबासाहेबांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यामुळे, हा त्याचा गाभा. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय म्हणून सांगितला. वंश आणि जात या गोष्टी एक नाहीत, हेही बाबासाहेबांनीच बजावले आहे आणि ते आपण विसरता कामा नये. परंतु उच्चनीचता पिढ्यान्‌पिढ्या चालवायची असेल तर विवाहावर पहारा बसवावा लागतो, हे व्हर्जिनियाच्या मळेवाल्यांनाही कळले होते.

आता क्रांतीकडे येऊ. इंग्लंडच्या पार्लमेंटने १७६५ साली स्टॅम्पचा कर लादला तेव्हा पॅट्रिक हेन्रीने व्हर्जिनियाच्या सभागृहात ठराव आणले. २३ मार्च १७७५ रोजी रिचमंडच्या चर्चमध्ये त्याने 'स्वातंत्र्य किंवा मरण' असा घोष केला. त्याचे ते भाषण इंग्रजी वक्तृत्वाच्या पुस्तकांत शिकवले जाते. त्याचे दुसरे एक पत्र मात्र शिकवले जात नाही. जानेवारी १७७३ मध्ये एका क्वेकर सद्‌गृहस्थाला त्याने लिहिले होते की, गुलामगिरी धर्माला आणि माणुसकीला सोडून आहे हे मला मान्य आहे. तरीही मी स्वतः विकत घेतलेल्या गुलामांचा मालक आहे, कारण त्यांच्यावाचून इथे राहणे गैरसोयीचे आहे. स्वतःच्या गैरसोयीपुढे दुसऱ्याचे स्वातंत्र्य थांबले! अस्पृश्यता वाईटच, पण घरात आई-वडिलांना चालत नाही म्हणणारे आपल्याकडचे सुधारक याच हेन्रीचे मानसबंधू होत.

नोव्हेंबर १७७५ मध्ये इंग्रज गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने जाहीरनामा काढला. बंडखोर मालकांच्या गुलामांपैकी जे राजाच्या बाजूने शस्त्र उचलतील ते स्वतंत्र. शेकडो गुलाम रातोरात मळे सोडून निघाले. त्यांची 'इथिओपियन रेजिमेंट' उभी राहिली. वॉशिंग्टनच्या घरचा हॅरी नावाचा गुलामही पळून इंग्रजांना मिळाला आणि पुढे नोव्हा स्कॉशिया मार्गे सिएरा लिओनला पोहोचला. व्हर्जिनियाचे क्रांतिकारक यावर खवळले. गुलामांना भडकवले, देशद्रोह झाला! पण ज्याला देशाने मालमत्तेच्या यादीत टाकले त्याने कोणत्या देशाशी द्रोह केला? डनमोर स्वतः गुलामांचा मालक होता. राजनिष्ठ मालकांच्या गुलामांना त्याने स्वातंत्र्य देऊ केले नव्हते. त्याच्या छावणीत देवीच्या साथीने असंख्य काळे सैनिक मेले. गुलामांना हे सगळे दिसत नव्हते असे नाही. त्यांना दरवाजा थोडासा उघडलेला दिसला आणि त्यातून ते बाहेर पडले. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात महार सैनिक इंग्रजांच्या बाजूने का लढले, असे आपल्याला विचारणाऱ्यांनी डनमोरची रेजिमेंट अभ्यासावी. त्याच इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद केली, हेही आपण विसरलेलो नाही. उपकाराची भाषा आपल्याला कोणी शिकवू नये.

आणि मग १२ जून १७७६ चा दिवस उजाडला. विल्यम्सबर्गमध्ये व्हर्जिनियाच्या अधिवेशनाने हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. जेफरसनच्या सुप्रसिद्ध जाहीरनाम्याच्या तीन आठवडे आधी. जॉर्ज मेसनने मसुदा लिहिला होता. पहिल्याच कलमात म्हटले होते की, सर्व माणसे सारखीच मुक्त आणि स्वतंत्र आहेत आणि त्यांचे काही हक्क कोणत्याही करारमदाराने हिरावता येत नाहीत. सभागृहात रॉबर्ट कार्टर निकोलस हा जुना मळेवाला उठला. त्याने सरळ आक्षेप घेतला की, हे वाक्य असेच ठेवले तर उद्या गुलामही हे हक्क मागतील, यादवी माजेल. खरे सांगायचे तर त्या सभागृहात मेसनच्या वाक्याचा अर्थ पूर्णपणे समजलेला हाच एकटा माणूस म्हणायचा!

बाकीच्यांनी त्याचे समाधान कसे केले? कलम काढले नाही. गुलामही सोडले नाहीत. त्यांनी मधोमध चार शब्द घुसवले. माणसे 'समाजाच्या अवस्थेत प्रवेश करतात तेव्हा' त्यांचे हे हक्क हिरावता येत नाहीत. निकोलसला सांगण्यात आले की गुलाम आपल्या समाजाचे घटकच नाहीत, त्यामुळे या तत्त्वाचा फायदा ते मागूच शकत नाहीत. झाले! जगाला दाखवायला 'सर्व माणसे' राहिली आणि मळ्यावरचा धंदाही राहिला. आजवर गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला ही युक्ती शब्दकोश न उघडता समजते. समाज म्हणजे गावकूस. आत असेल त्याला हक्क. आत कोणी यायचे, ते आतला ठरवणार.

हे शब्द नुसते शोभेचे होते असे कोणी म्हणेल. तसे नव्हते. १८०६ साली रिचमंडमध्ये जॅकी राईट नावाच्या स्त्रीने आणि तिच्या मुलांनी मालक हजिन्सविरुद्ध स्वातंत्र्याचा दावा लावला. आमची आजी मूलनिवासी होती, आम्ही गुलाम नाही, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायाधीश होते जॉर्ज वाईथ. जेफरसनचे गुरू, अमेरिकेतले कायद्याचे पहिले प्राध्यापक. त्यांनी निकाल दिला की १७७६ च्या जाहीरनाम्यानुसार स्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे, तेव्हा कोणी गुलाम आहे असे म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करावे. पुराव्याचा भार मालकावर टाकणारा हा निकाल कायम राहता तर व्हर्जिनियातली गुलामगिरी कोर्टातच कोसळायला सुरुवात झाली असती. अपील झाले. वरच्या कोर्टाने राईट कुटुंबाला स्वतंत्र ठरवले, पण वाईथ यांचे कारण झिडकारले. जाहीरनामा गुलामांसाठी नव्हताच, तो जपून बेतलेला होता, असे न्यायमूर्ती सेंट जॉर्ज टकर यांनी म्हटले. दहा वर्षांपूर्वी गुलामगिरी क्रमाक्रमाने संपवावी म्हणून पुस्तक लिहिणारे हेच टकर! आणि पुराव्याचा नियम असा ठरला की, दिसायला गोरा किंवा मूलनिवासी असेल तो स्वतंत्र धरायचा. दिसायला काळा असेल त्याने आपण स्वतंत्र असल्याचे सिद्ध करायचे. कातडी हाच पुरावा झाला.

वाईथ हा अपिलाचा निकाल पाहायला राहिले नाहीत. जून १८०६ मध्ये विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नात्यातल्या एका तरुणावर खुनाचा खटला चालला. घरात काय घडले हे पाहणारी त्यांची स्वयंपाकीण लिडिया ब्रॉडनॅक्स होती. पण ती काळी होती. गोऱ्या आरोपीविरुद्ध काळ्याची साक्ष चालत नव्हती. आरोपी सुटला. राज्याच्या सर्वांत मोठ्या कायदेपंडिताच्या मारेकऱ्याला शिक्षा होऊ शकली नाही ती त्याच राज्याच्या कायद्यामुळे. अन्यायाचा कायदा अखेरीस कोणाच्या घरात शिरेल, याचा नेम नसतो.

आता शेजारच्या उदाहरणाशी तुलना करा. मॅसॅच्युसेट्स राज्याने १७८० च्या घटनेत जवळपास हेच वाक्य घातले, पण शेपूट न लावता. १७८१ साली बेट या गुलाम स्त्रीने त्याच वाक्यावर दावा लावला आणि ती जिंकली. १७८३ साली क्वॉक वॉकर खटल्यात तिथल्या सरन्यायाधीशांनी सांगितले की या घटनेत गुलामगिरी बसत नाही. १७९० च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्सच्या गुलामांच्या रकान्यात शून्य होते. मॅसॅच्युसेट्सचे पोट तंबाखूच्या मळ्यांवर नव्हते, तिथे गुलामांची संख्या थोडी होती, हे खरे. आर्थिक पाया सोडून नुसत्या शब्दांनी क्रांती होत नाही. पण शब्दात फट नव्हती म्हणून एका निरक्षर स्त्रीला त्यांना धरून उभे राहता आले आणि व्हर्जिनियात वाईथसारखा न्यायाधीश असूनही ते जमले नाही.

व्हर्जिनियात पुढे काही खिडक्या उघडल्याही. १७८२ साली मालकांना स्वेच्छेने गुलाम मुक्त करण्याची परवानगी मिळाली आणि रॉबर्ट कार्टर या बड्या मळेवाल्याने १७९१ साली साडेचारशेहून अधिक गुलाम मुक्त करण्याचे दानपत्र लिहिले. पण १८०६ साली, म्हणजे राईट खटल्याच्याच वर्षी, विधिमंडळाने पुन्हा कडी लावली. मुक्त झालेल्याने बारा महिन्यांत राज्य सोडावे, नाहीतर पुन्हा गुलाम व्हावे. स्वातंत्र्य हवे असेल तर बायको, मुले, भावंडे मागे टाकून चालता हो, असा याचा अर्थ. जेफरसनच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. त्यातले मोजके सोडले तर बाकीचे गुलामच राहिले.

१६९१ च्या विवाहबंदीचे काय झाले? गुलामगिरी १८६५ साली संपली तरी ती बंदी टिकली. १९२४ साली ती आणखी कडक झाली. १९५८ साली रिचर्ड लव्हिंग हा गोरा आणि मिल्ड्रेड ही काळी तरुणी यांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केले. व्हर्जिनियात परतल्यावर पोलिसांनी रात्री झोपेतून उठवून त्यांना पकडले. पंचवीस वर्षे राज्याबाहेर राहा नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम झाला. ते लढले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही बंदी उडवली ती १२ जून १९६७ रोजी. १२ जून! मेसनच्या जाहीरनाम्याला त्या दिवशी बरोबर १९१ वर्षे झाली होती. 'सर्व माणसे' या शब्दांत काळ्या मिल्ड्रेडचा समावेश व्हायला एवढी वर्षे लागली, आणि त्यासाठी १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती वापरावी लागली.

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केला. तो मळेवाल्यांना नव्हे, तर ज्यांनी काळ्यांना दास्यातून सोडवण्यासाठी स्वार्थ बाजूला ठेवला त्यांना. आणि बाबासाहेबांनी या इतिहासाचा उपयोग वकिलासारखा केला. १९३० साली गोलमेज परिषदेपुढे अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना मांडताना त्यांनी चौदाव्या दुरुस्तीचा आणि अमेरिकेच्या १८६६ व १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा आधार दिला. अमेरिकेतल्या मोठ्या नावांपुढे हात न जोडता त्या देशाच्या कायद्यातले जे उपयोगी ते त्यांनी उचलले. अस्पृश्यता ही गुलामगिरीपेक्षाही कशी भयंकर आहे, हेही त्यांनी लिहून ठेवले. गुलामाला आपण गुलाम आहोत हे माहीत असते, अस्पृश्याच्या गुलामीला धर्माचे नाव दिलेले असते.

आता आपल्या संविधानाचे कलम १७ उघडा. अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध आहे. संविधान सभेने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी ते स्वीकारले. त्याला परंतुक नाही. 'वाजवी निर्बंधांच्या अधीन' नाही, 'सार्वजनिक सुव्यवस्था पाहून' नाही. अस्पृश्यतेची व्याख्याही केलेली नाही. व्याख्या केली असती तर तिच्या बाहेर पळण्याची वाट शोधली गेली असती. सभागृहात निकोलस तेव्हाही असतील, पण मसुदा समितीच्या अध्यक्षपदी बाबासाहेब होते.

परंतु कलमात दार बंद झाले की ते कायद्यात किलकिले केले जाते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(२)(पाच) पाहा. गंभीर गुन्हा, पीडित अनुसूचित जातीचा आहे 'या कारणावरून' केलेला असला पाहिजे, असे शब्द त्यात होते. वाचायला साधे. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सारा महाराष्ट्र पेटून उठला. पण सत्र न्यायालयाने २००८ साली आणि उच्च न्यायालयाने २०१० साली हा गुन्हा सूडाचा ठरवला, जातीचा नाही. अत्याचार कायदा लागलाच नाही. गावात त्या कुटुंबाचे स्थान कशामुळे ठरले होते, हे महाराष्ट्राला ठाऊक होते. कायद्याला मात्र ते दिसले नाही. २०१५ साली दुरुस्ती झाली आणि 'या कारणावरून' ऐवजी 'हे माहीत असताना' असे शब्द आले. २६ जानेवारी २०१६ पासून ते लागू आहेत. पुराव्याचा भार किती हलका झाला, हे खटले चालवणाऱ्यांना विचारा. ही दुरुस्ती कोणी ताटात वाढून दिलेली नाही. ज्यांनी निकालपत्रांचे शब्द न् शब्द वाचले, त्यांच्या चिकाटीने ती पदरात पडली.

२० मार्च २०१८ च्या निकालाने याच कायद्याला अटकपूर्व चौकशीची आणि परवानगीची शेपटे लावली, तेव्हा २ एप्रिलला लोक रस्त्यावर उतरले आणि संसदेला त्याच वर्षी कलम १८-अ घालावे लागले. म्हणजे रस्ता आणि कागद दोन्ही लागतात. रस्त्यावर ताकद असून कागद वाचणारे नसतील तर निकोलसची जात चार शब्दांत आपली ताकद शोषून घेते. आणि कागद वाचणारे असून रस्ता ओस असेल तर वाईथसारखा निकाल अपिलात मरतो.

म्हणून चळवळीतल्या तरुणांना सांगणे आहे. दरवर्षी संविधान दिन येतो, आपण उद्देशिका सामुदायिकपणे वाचतो. ती वाचलीच पाहिजे. त्या बरोबर प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार असा ठेवा की त्या दिवशी एखादा कायदा, एखादा शासन निर्णय, शिष्यवृत्तीचे किंवा घरकुलाचे एखादे परिपत्रक पूर्ण वाचले जाईल. त्यातली 'परंतु', 'अधीन राहून', 'आवश्यक वाटल्यास', 'निधीच्या उपलब्धतेनुसार' ही ठिकाणे लाल पेन्सिलीने खुणावा. आपले हक्क तिथे पुरलेले असतात. विहारात वकील नसेल तर शिक्षक असेल, शिक्षक नसेल तर कॉलेजात जाणारी मुलगी असेल. एलिझाबेथ कीचा वकील मजूरच होता.

व्हर्जिनियाच्या मळेवाल्यांना 'सर्व माणसे' या दोन शब्दांची एवढी भीती वाटली की त्यांना मध्ये कुंपण घालावे लागले. यावरून त्या शब्दांची ताकद ओळखा. आपल्या संविधानात ते शब्द कुंपणाशिवाय आलेले आहेत. ते तसेच ठेवायचे की नाही, हे आपल्या जागेपणावर अवलंबून आहे.

जयभीम!